शैला, तुझं खातं बंद करायचंय

शैला, सकाळी पारेखसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "कुंदाबेन, वो शैलाबेन का खाता... अब बंद कर देना पडेगा." एवढं बोलून टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. माणूस वाईट नाही, तुलाही माहीत आहे. मी "करते" म्हटलं, जागेवर आले, आणि दुपार टळली तरी ते काम तसंच पडून आहे. चहा झाला, पुन्हा चहा झाला. प्रिंटरची रिबन बदलली. चांगली होती ती रिबन.

तू असतीस तर एव्हाना माझी खरडपट्टी काढली असतीस. माणूस गेला की त्याच दिवशी त्याचं खातं बंद, हा नियम तुझाच. सायलीच्या कारखान्यातल्या स्टोअरमधला मेहता नोकरी सोडून निघाला, तेव्हा त्याच्या निरोपाचा पेढा अजून लोकांच्या तोंडात होता आणि तू इकडे कॉम्प्युटरवर त्याचं नाव काढायला बसली होतीस. मी म्हटलं, "अगं दम धर जरा, अजून गेटबाहेर पडला नाही तो." तू मान वर न करता म्हणालीस, "मालक नसलेलं खातं म्हणजे उघडी खिडकी. वस्ती कितीही शांत असो." आता तुला जाऊन पंधरवडा होत आला, आणि तुझी खिडकी सताड उघडी आहे.

कामाला हात लागत नाही त्याचं कारण सांगते. नव्या माणसाला तू समजावायचीस ना, की फायली ठेवायची कपाटं, म्हणजे सर्व्हर, तीन गावांत आहेत, नरोलीला, सायलीला, किलवणीला, पण पडद्यावर ते एकच कपाट दिसतं, आणि त्याच्या प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी आहे की हा कोणी वाचायचा आणि कोणी त्यात लिहायचं. त्या चिठ्ठ्यांवर जिथे तिथे तुझं नाव आहे. खातं काढलं की चिठ्ठ्या तशाच राहतात, पण तुझ्या नावाच्या जागी नुसता आकडा येतो. मेहताचा तसाच आकडा झाला होता. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. तुझा आकडा झालेला मला बघवणार नाही, एवढं सरळ आहे.

तू पहिल्यांदा आलीस तेव्हा मला तू अजिबात आवडली नव्हतीस. पुण्याहून आलेली, खांद्याला झोळी, आणि पहिलाच प्रश्न, "इथं सर्व्हरच्या खोलीची किल्ली किती जणांकडे आहे?" मी म्हटलं, सगळ्यांकडे आहे, खिळ्याला लटकवलेली असते. तू असं काही बघितलंस, जशी काही किल्ली मीच लटकवली होती. जेवायच्या सुट्टीत मी कळण्याची भाकरी आणि ठेचा काढला, तू गोड्या मसाल्याची आमटी. माझा ठेचा चाखून तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तरी तू "छान आहे" म्हणालीस. इतकी वाईट थाप मारणारी बाई मी आयुष्यात पाहिली नव्हती. त्या दिवशी थोडी आवडलीस.

मग अठ्ठ्याण्णव सालात ते ब्राउझरचं खूळ आलं. सूत रंगवायच्या आपल्या तिन्ही कारखान्यांतल्या रंगाच्या रेसिपी ब्राउझरमध्ये दिसल्या पाहिजेत, कुठल्याही मशीनवरून, असं साहेबांच्या मनात आलं. मुंबईच्या कंत्राटदारानं आठवड्याभरात ते करूनही दिलं. सगळे खूश. मीही खूश, खोटं कशाला बोलू. नरोलीच्या रंगखात्यातला माणूस रेसिपीसाठी दर तासाला फोन करून माझं डोकं खायचा, ते थांबलं. तू एकटी तोंड वाकडं करून बसलीस. कंत्राटदारानं काय केलं होतं, तर त्या वेबच्या प्रोग्रामला कपाटात शिरायला स्वतःचं एक नाव दिलं होतं, 'वेब', आणि त्या नावाला सगळे कप्पे मोकळे. वाचायला मोकळे आणि लिहायलाही मोकळे. ब्राउझरवरचा पासवर्ड सगळ्यांना मिळून एक. नरोलीत तो गणपतीच्या कॅलेंडरखाली मार्करनं भिंतीवर लिहून ठेवला होता, कोणाची अडचण होऊ नये म्हणून.

तू साहेबांना सांगितलंस, मला सांगितलंस, ज्यानं ऐकलं त्याला सांगितलंस. आम्ही म्हणालो, बघू. आणि मग तो मरून रंगाचा लॉट आला.

आठवतंय ना तुला. सुरतेच्या व्यापाऱ्याचा माल, मरून, आणि सूत बाहेर आलं ते वांग्यासारखं काळपट. रेसिपीत लाल रंगाच्या आकड्यातलं दशांश चिन्ह एक घर सरकलं होतं. कोणीतरी ब्राउझरमधून ती फाइल उघडून बदलली होती, हात चुकून किंवा हेतूनं. साहेबांनी आपल्या दोघींना बोलावलं. केबिनमध्ये नरोलीचा शिफ्ट इन्चार्ज भामरे आधीच उभा होता, धुळ्याकडचा, आमच्या खान्देशातला, मान खाली घालून. तीन वर्षांची पोर घरी, बायकोला सातवा महिना, नरोलीत भाड्याची खोली. हे मला माहीत होतं, तुलाही माहीत होतं.

साहेब म्हणाले, "किसने बदला?"

तू म्हणालीस, "वेबनं."

"वेब कौन?"

"साहेब, वेब नावाचा माणूस आपल्याकडे नोकरीला नाही. पण ब्राउझरमधून जो कोणी आत जातो तो वेब होऊन जातो. भामरे गेले तरी वेब, मी गेले तरी वेब, तुम्ही गेलात तरी वेब."

साहेबांचा आवाज चढला. त्या पडद्यासमोर सगळ्यात जास्त भामरेच बसतो, त्याच्याच शिफ्टचा माल आहे, मग दुसरं कोण असणार. तू फक्त लिहून दे शैलाबेन, बाकी मी बघतो. हिंदीत, गुजरातीत, मधेच मराठीत, साहेब बोलत राहिले. तू ऐकून घेतलंस सगळं. मग म्हणालीस, "मी नाव लिहून देणार नाही. मला माहीत नाही, आणि या दारातून आत गेलेल्याचं नाव कोणालाच माहीत होऊ शकत नाही. चूक दाराची आहे. दार दुरुस्त करायला मला वेळ द्या, पण यांना घरी पाठवायचं असेल तर माझ्या कागदावर नाही."

शैला, तुझी नोकरी तेव्हा पक्की झाली नव्हती. साहेब भामरेला म्हणाले, "जाओ, काम पे जाओ."

बाहेर आल्यावर मी तुझ्याशी भांडले. स्कूटरवर तुझ्या मागे बसून, नरोलीच्या ट्रकांची धूळ खात, ओरडून ओरडून भांडले. कारण मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं की ते भामरेनंच केलं होतं. मुद्दाम नाही, पण त्याचाच हात चुकला. त्याची घाई मला माहीत होती. तू पुढून म्हणालीस, "असेलही." मी म्हटलं, मग? तू म्हणालीस, "असेलही म्हणून माणसाला घरी पाठवत नाहीत, कुंदे." मी म्हटलं, आणि खरंच त्यानं केलं असेल तर? तू म्हणालीस, "तर तो एक मला फसवून सुटला. चालेल मला." मला चालणारं नव्हतं. ते भांडण आपण नंतर कितीदा उकरून काढलं, आणि एकदाही संपलं नाही. आता माझ्या बाजूनं एकटीनं काय संपवू.

मग तू कामाला लागलीस. आणि एक दिवस डबा खाता खाता मला विचारलंस, "सरकारी पत्राखाली 'करिता' लिहिलेलं पाहिलंयस कधी?" तुझे वडील कचेरीत होते, मोठ्या साहेबाच्या हुद्द्यावर ते सही करायचे आणि शेजारी 'करिता' लिहायचे. सही यांची, अधिकार साहेबाचा, आणि कोण कोणाच्या वतीनं लिहितोय ते कागदावर स्पष्ट. "आपल्या वेबला तेवढंच शिकवायचंय," तू म्हणालीस. "तो स्वतःच्या अधिकारानं कपाट उघडतो, सगळा घोळ तिथं आहे. त्यानं मागणाऱ्याकरिता उघडायचं. मागणाऱ्याला जो कप्पा बंद, तो त्याच्याकरिता यालाही बंद." तुझ्या ओठाला आमटी लागली होती आणि तुझे डोळे असे चमकत होते की मी भाकरी हातात धरून नुसती बघत राहिले.

प्रोग्रामचं नावही तू करिता ठेवलंस. मुंबईच्या कंत्राटदारानं फोनवर विचारलं, "ये कविता कौन है, नयी लगी है क्या?" पुढे सहा महिने आपण आपसात त्याला कविता म्हणायचो. कविता आज रुसली, कविताला चहा पाजा.

करायला सोपं नव्हतं ते. माणसानं ब्राउझरमध्ये आपलं नाव आणि आपला पासवर्ड द्यायचा, तो वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून सांकेतिक करून न्यायचा, करितानं तो सर्व्हरला दाखवून त्या माणसाच्या नावाचा पास आणायचा, पासवर्ड तिथल्या तिथे विसरायचा, आणि त्या पासावर फाइल काढून द्यायची. पास शिफ्टपुरता. शिफ्ट संपली की पास फाटला. पुस्तकं मागवलीस, वीज गेली की मला शिव्या दिल्यास जशी काही वीज माझ्या माहेरची. आणि चाललं तेव्हा मला हाका मारल्या नाहीस, नुसती खुर्ची मागे सरकवून बसलीस. मी समजले.

लोकांनी आपल्याला काय काय म्हटलं ते तुझ्या कानावर मी सगळं येऊ दिलं नाही. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड म्हणजे प्रत्येकाच्या डोक्याला ताप. भामरेनं बायकोचं नाव ठेवलं आणि तुला मदत म्हणून कॅन्टीनमध्ये मोठ्यानं सांगितलं. तू त्याला बदलायला लावलंस. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आता सासूचं ठेवलंय मॅडम, ते कोणाच्या मनात येणार नाही." तू कपाळावर हात मारून घेतलास आणि मग इतकी हसलीस की चहा सांडला.

आणि ते प्रमाणपत्र. आपला सर्व्हर खराच आपला आहे असं ब्राउझरला पटवायचं प्रमाणपत्र आपण घरीच बनवलेलं, म्हणून ब्राउझर दरवेळी कुरकुर करायचा की मी याला ओळखत नाही, पुढे जाऊ का? मी सगळ्यांना सांगून टाकलं, हो म्हणा आणि जा पुढे. तुला कळलं तेव्हा तू चिडली नाहीस, त्याचंच मला जास्त लागलं. म्हणालीस, "आपण लोकांना बघून पाऊल टाकायला शिकवतोय, की डोळे मिटून हो म्हणायला?" आणि फ्लॉपीत ते प्रमाणपत्र घेऊन स्कूटरला किक मारलीस. सायली, किलवणी, नरोली, प्रत्येक मशीनसमोर बसून तू ते घालत गेलीस, आणि मी बरोबर, कारण किलवणीच्या रस्त्यानं एकटीनं जायला तुला कंटाळा यायचा. वाटेत ताडगोळे घेऊन खाल्ले. ते सगळे दिवस माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले दिवस होते. तुला सांगायचं राहिलं. असं कोण कोणाला सांगतं, डबा खाताना.

साहेबांचा किस्सा मात्र मी सगळ्यांना सांगते. करिता सुरू झाल्यावर साहेबांनी स्वतः रेसिपी उघडली. दिसली. मग मुद्दाम एक आकडा बदलून बघितला. झालं नाही. पुन्हा केलं, पुन्हा नाही. तुला बोलावलं. "मैं जनरल मॅनेजर हूँ, शैलाबेन." तू म्हणालीस, "हो साहेब. पण त्या कप्प्यात लिहायची परवानगी लॅबला आहे, तुम्हाला वाचायची आहे. तुमच्या नावानं लिहायचं असेल तर लॅबला सांगून चिठ्ठीवर नाव घालून घ्या, मी लगेच घालते." साहेब तुझ्याकडे बघत राहिले, मग पडद्याकडे. मला वाटलं, आता गेली ही. तर म्हणाले, "नहीं, नहीं. ठीक है ऐसा." त्यानंतर कुठल्याही मीटिंगमध्ये पाहुणा आला की स्वतः त्याला करून दाखवायचे, की बघा, मलाही जमत नाही.

त्याच्यानंतर एकही रंग असा बिघडला नाही की कोणी केलं ते कळलं नाही. काही वेळा चुका झाल्या, ज्याची चूक त्यानं येऊन सांगितली, कारण ती त्याच्या नावावरच होती. कोणाला केबिनमध्ये मान खाली घालून उभं राहावं लागलं नाही. या सगळ्याबद्दल कोणी तुझे आभार मानले नाहीत, कारण काही झालंच नाही तर आभार कशाचे मानणार. म्हणून मी मानते. उशिरा, पण मानते.

एका गोष्टीत मात्र मी तुझं ऐकलेलं नाही आणि ऐकणार नाही. तो शिफ्टपुरता पास. ओव्हरटाइमला बॅच अर्ध्यात असते, माणसाचे हात रंगानं भरलेले असतात आणि पास मरतो, मग तो रंगाच्या हातांनी पासवर्ड मारत बसतो. मी तुला कितीदा सांगितलं, दीड शिफ्टचा कर. तू म्हणायचीस, जितका पास लांब तितका तो चोराच्या कामाचा. ठीक आहे, पण त्या कीबोर्डचा रंग जाऊन बघ एकदा. आता ते बदलायचा अधिकार माझ्याकडे आहे आणि पुढच्या आठवड्यात मी बदलणार आहे. रागव हवं तर.

कावीळ झाली तेव्हा तू म्हणालीस, उसाचा रस पिऊन होईल बरी. वापीच्या दवाखान्यात मी आले तेव्हा तुझ्या आई उशाशी होत्या आणि तू पिवळी पडलेली, सलाइन लावलेलं, आणि मला विचारलंस काय तर, बॅकअप नीट चाललाय ना. तो तुझ्या नावानं चालायचा. मी म्हटलं, तुझा पासवर्ड देऊन ठेव, मी चालवते. तू नाही म्हणालीस. त्या अवस्थेत. मला इतका राग आला, शैला. इतक्या वर्षांची मैत्रीण, तुझ्या डब्यातलं खाल्लं, तुझ्या स्कूटरवर फिरले, आणि मला पासवर्ड नाही. तू डोळे मिटून म्हणालीस, "माझ्या नावानं कशाला चालवतेस, तुझ्या नावानं चालव. परवानगी घातलीय मी, केव्हाची." मी रुसून खिडकीपाशी उभी राहिले. मग तुझ्या आईंनी खिचडीचा विषय काढला, आणि आपण खिचडीबद्दल बोललो. शेवटचं आपलं बोलणं ते, तूप किती घालायचं.

ऑफिसात येऊन बघितलं तर खरंच घातली होतीस. कपाटाच्या प्रत्येक चिठ्ठीवर, तुझ्या नावाखाली माझं. तू आजारी पडायच्या किती आधीपासून. मला कधी बोलली नाहीस.

तुझ्या दहाव्याला पुण्याला जायला मला जमलं नाही. इथं मी ऑफिसात तुझा फोटो ठेवला, लोक येऊन फुलं वाहून गेले. भामरे आला, मुलीला घेऊन. बाहेर जाताना दारात थांबला आणि आमच्या अहिराणीत म्हणाला, "ताई, मॅडमनी माले कधी इचारंच नही." मी विचारलं, काय विचारलं नाही? तो म्हणाला, त्या मरूनच्या वेळी, तू केलंस का म्हणून. सगळ्यांनी विचारलं, त्यांनी नाही. आणि डोळे पुसले त्यानं. माझ्या जिभेवर आलं होतं, मग केलंस का? एवढी वर्षं त्यावरून तुझ्याशी भांडले मी, उत्तर समोर उभं होतं. मी विचारलं नाही. त्याच्या मुलीच्या हातावर खडीसाखर ठेवली.

चार वाजत आलेत. साहेब एकदा दारातून डोकावून गेले. मी बसले, आणि तुझं नाव काढायची आज्ञा लिहिली. कॉम्प्युटरनं पासवर्ड मागितला, माझा. मी माझा दिला. झालं, शैला. तुझ्या त्या शिस्तीपेक्षा पंधरवडा उशिरा, पण झालं, आणि माझ्या नावानं झालं.

खातं बंद केलं की ते खरंच बंद झालं का ते बाहेरून तपासून बघायचं, हेही तुझंच. म्हणून ब्राउझर उघडला आणि नावाच्या जागी तुझं नाव लिहिलं, पासवर्डमध्ये काहीतरी. पडद्यावर ओळ आली. ती तूच लिहिली होतीस, रोमन अक्षरांत मराठी, म्हणजे नरोलीतल्या माणसालाही कळावी: हे नाव ओळखीचं नाही. नाव बरोबर आहे का, ते बघून पुन्हा लिहा.

मी बघितलं. नाव बरोबर होतं.